पराटीवर गज धरायला शिकवणारी, आणि जर्मनी

सल्ला मागणारं एक पत्र माझ्याकडे आलंय, ते थोडक्यात असं. लिहिणारी २९ वर्षांची आहे, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात सासरी राहते. व्हायोलिनमध्ये विशारद आहे. सहा वर्षांपासून घराच्या ओसरीत ११ मुलांना शिकवते, त्यातली चार शेजारच्या गावांतून सायकलनं येतात. फी महिन्याला ३०० रुपये. ज्यांना जमत नाही त्यांच्या घरून हंगामात तूर येते. नवरा दीड वर्षापासून जर्मनीत नोकरीला आहे आणि येत्या जानेवारीत तीही तिकडे जाणार आहे. तिला तिथेही शिकवायचं आहे, पण ती म्हणते, ‘ज्यांचं वाद्य, त्यांच्याच देशात मी काय शिकवणार? मी मांडी घालून वाजवते, मला त्यांचं नोटेशन वाचता येत नाही.’ नवऱ्याचं म्हणणं, आधी भाषा शीक, मग कॉम्प्युटरचा एखादा कोर्स कर. सासू म्हणते, ‘तिकडं कोन आयकते तुह्यं हे?’ या ११ मुलांचं काय करायचं, हा प्रश्न ती अगदी शेवटी विचारते, पण निम्मं पत्र त्या मुलांबद्दलच आहे.

तू लिहिलंस की ‘मावशी, मला अहो-जाहो करू नका’, म्हणून अगं-तुगं करते.

आधी पराटीबद्दल बोलू. ते वाक्य तू माफी मागितल्यासारखं लिहिलंयस: ‘माझ्याकडे जास्तीचा गज एकच आहे, म्हणून नवीन मुलांच्या हातात आधी पराटी देते.’ गज म्हणजे ज्यानं व्हायोलिनच्या तारा घासून वाजवतात ती केस ताणलेली काडी. आणि विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, पराटी म्हणजे कापसाचं झाड. वेचणी संपली की वावरातून उपटून आणतात आणि चुलीत घालतात, त्या वाळक्या काडीलाही आम्ही पराटीच म्हणतो. तू ती हातभर तोडतेस, साल काढून गुळगुळीत करतेस आणि पोराच्या हातात देतेस. अंगठा वाकलेला, करंगळी काडीवर अलगद टेकलेली, मनगट सैल. डाव्या हाताची मूठ पोकळ धरायची आणि त्या पोकळीतून काडी सरळ न्यायची-आणायची. काडी वाकडी गेली की मुठीला खरचटते, म्हणजे चूक पोराची त्यालाच कळते. आवाज होत नाही, म्हणून कर्कश वाजल्याची लाजही नाही. पंधरा दिवसांनी खरा गज हातात येतो तेव्हा हात तयार असतो.

जपानच्या शिनिची सुझुकी यांच्या पद्धतीनं आज जगभर लहान मुलांना व्हायोलिन शिकवतात. त्यातही अगदी छोट्या मुलांच्या हाती पहिल्यांदा खोक्याचं खोटं व्हायोलिन देतात, आणि गज धरण्याचा सराव पेन्सिलीवर करून घेणारे शिक्षक कितीतरी आहेत. तुला हे कुणी शिकवलं नव्हतं. समोरच्या पोराला काय अडतंय ते बघून तू शोधलंस. ज्याला हे दिसतं तो शिक्षक, मग तो दारव्ह्याला असो की जर्मनीत. म्हणून ‘मी तिथे शिक्षक होऊ शकेन का’ हा प्रश्न मी बाजूला ठेवते. प्रश्न इतकाच उरतो की तिथे काय शिकवायचं, कुणाला, आणि कधीपासून.

आता तुझ्या पत्रात जे गृहीत धरलेलं आहे त्याकडे येऊ. तुला वाटतं, तिथे शिकवायचं म्हणजे तिथलंच शिकवायचं. मी स्वतः २००८ ते २०१३ जर्मनीत होते, नवऱ्याच्या कामामुळे, आणि गाणं शिकवत होते. जाताना माझीही हीच समजूत होती. बाख आणि बेथोव्हेनच्या देशात मोर्शीची बाई काय गाणं शिकवणार! पण माझ्याकडे जे आले ते बाख शिकायला आलेच नव्हते. त्यासाठी त्यांच्या गल्लीत माझ्यापेक्षा शंभरपट जाणते लोक होते. ते यमन शिकायला आले होते.

तू मांडी घालून बसतेस, व्हायोलिनचा वळलेला शेंडा उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवतेस, तारा सा-प-सा-प अशा लावतेस. यात ओशाळण्यासारखं काही नाही. वाद्याचा भार पायावर आणि छातीवर गेल्यामुळे डावा हात मोकळा राहतो आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणं, घेताना तारेवरून लांबवर घसरू शकतो. डॉ. एन. राजम यांनी व्हायोलिनवर गायकी अंग, म्हणजे गळ्यातून गातात तसं वाजवणं, ज्या उंचीला नेलं ते याच बैठकीतून. तिकडचा वादक उभा राहतो किंवा खुर्चीवर बसतो, वाद्य हनुवटी आणि खांद्यात धरतो, तारा जी-डी-ए-ई अशा ठरलेल्या स्वरांत लावतो, कारण त्याला चाळीस जणांच्या ऑर्केस्ट्रात बसायचं असतं आणि सगळ्यांचा स्वर एक हवा. त्यांचं काम वेगळं म्हणून त्यांची बैठक वेगळी.

पण म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट सांगते, आणि ती तुला कदाचित आवडणार नाही. सात वर्षांच्या जर्मन मुलीची आई आली आणि म्हणाली, हिला पुढे शाळेच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचंय, तर ती शिकवणी घेऊ नकोस. पैसे कितीही चांगले असोत. ज्या बैठकीत आपला हात घडलेला नाही त्या बैठकीत कोवळ्या हाताला वळण लावणं हा त्या लेकराचा तोटा आहे. पुढच्या शिक्षकाला ते वळण मोडावं लागतं आणि मोडताना रडतं ते पोर. आपल्याकडे हार्मोनियमवाले सर व्हायोलिनचेही क्लास घेतात तेव्हा काय होतं, ते तू पाहिलंच असशील.

मग येईल कोण? तिकडची मराठी आणि इतर भारतीय कुटुंबं, ज्यांना मुलांनी आपलं संगीत शिकावं असं मनापासून वाटतं आणि शिकवणारं जवळपास कुणी नसतं. गणपतीच्या कार्यक्रमात एकदा दहा मिनिटं वाजवलंस की यातले दोघे-तिघे स्वतःहून विचारतील. दुसरे, आधीपासून पाश्चात्त्य पद्धतीनं वाजवणारे मोठे लोक. यांचा हात तयार असतो. त्यांना हवी असते मींड, गमक (स्वर जोरानं हलवणं), कागदाशिवाय अर्धा तास एकच राग वाजवण्याची हिंमत. यांना तू मांडी घालायला लावायची गरज नाही. ते उभे राहून वाजवतील, तू बसून वाजव, आणि स्वर गाऊन दाखव. मला सगळ्यात समाधान याच विद्यार्थ्यांनी दिलं. साठीची एक बाई, आयुष्यभर ऑर्केस्ट्रात व्हायोला (व्हायोलिनची थोरली बहीण) वाजवलेली, गंधार हलवायला शिकताना आठवडाभर झोपली नव्हती म्हणे. तिसरी वाट फोल्कसहोखशूलंची. गावोगावी प्रौढांसाठी सार्वजनिक शिक्षणाची ही केंद्रं असतात, तिथे भाषा, शिवणकाम, योग, वाद्य असे नाना वर्ग चालतात आणि शिकवणारे बहुतेक बाहेरून मानधनावर येतात. ‘भारतीय संगीताची ओळख, सहा संध्याकाळी’ असा प्रस्ताव घेऊन जा. जागा त्यांची, नोंदणी त्यांची, तुला फक्त शिकवायचं.

पहिल्या वर्षी पाच विद्यार्थी मिळाले तर पुष्कळ मिळाले असं समज, आणि घरखर्च त्या पैशांवर धरू नकोस.

आणि स्वतः विद्यार्थी हो. तिथल्या सार्वजनिक संगीत शाळेत किंवा खासगी शिक्षकाकडे वर्षभर पाश्चात्त्य व्हायोलिन शीक, अगदी पहिल्या धड्यापासून. नोटेशन वाचता येईल हा एक फायदा. शिवाय शिकवण्याची जर्मन भाषा कानावर पडेल. व्हायोलिनला ते गायगं म्हणतात, गजाला बोगन. पण ‘मनगट सोड’, ‘इथे जोर नको’, ‘पुन्हा, सावकाश’ हे लेकराला न दुखवता कसं म्हणायचं, हे पुस्तकात सापडत नाही. ते त्या खोलीत बसूनच कळतं.

इथे तुझ्या नवऱ्याचं म्हणणं मला अर्धं पटतं. भाषा आधी, यात शंका नाही. बाहेरून आलेल्यांसाठी तिकडे जो इंटिग्रेशन कोर्स असतो त्यात साधारण ६०० तास भाषेचे आणि १०० तास तिथल्या कायद्या-समाजाच्या ओळखीचे असतात, आणि त्यातून बी-१ म्हणजे भाषेच्या मधल्या पातळीपर्यंत पोहोचणं अपेक्षित असतं. बी-१ झालं की पालकांशी फोनवर बोलता येतं. नवऱ्याकडे ब्लू कार्ड (उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना) किंवा कुशल कामगाराचा परवाना असेल तर व्हिसासाठी तुला भाषेचं प्रमाणपत्र मागत नाहीत, एरवी बहुतेकदा ए-१ ही सुरुवातीची पातळी लागते. मागोत न मागोत, तू आजपासून सुरू कर. कॉम्प्युटर कोर्सचा मुद्दा मात्र वेगळा आहे. तो तुला स्वतःला हवा असेल तर जरूर कर, पण ‘व्हायोलिनला तिथे कोण विचारतंय’ या भीतीपोटी करू नकोस. नवऱ्याला एक नेमकी गोष्ट विचार: ‘मला दोन वर्षं दे, भाषा आणि शिकवणी दोन्ही करते, मग हिशेब मांडू.’ दीड वर्ष तो माणूस एकटा राहतोय. त्याला तुझ्या कमाईपेक्षा तू तिथे रमशील की नाही याची काळजी जास्त असेल, असं मला पत्रावरून वाटलं.

कागदपत्रांचं लवकर सांगते. नोकरीवाल्या जोडीदारामागे गेलेल्या बायकोला किंवा नवऱ्याला जो परवाना मिळतो त्यावर कमाईचं काम करण्याची मुभा असते, आणि त्यात स्वतःचा व्यवसायही येतो. कार्डावर ‘एर्वेर्ब्सटेटिगकाइट’ (कमाईचं काम) हा लांबलचक शब्द शोध आणि त्यापुढे परवानगी लिहिलीय ना ते बघ. (हे वाचणाऱ्या विद्यार्थ्यांनी सावध राहावं. शिक्षणाच्या परवान्यावर स्वतःची शिकवणी काढायला परदेशी नागरिक कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. तबला, कथ्थक शिकवणाऱ्यांनाही हेच लागू.) संगीत शिकवणं हा तिथे मुक्त व्यवसाय धरतात, म्हणून दुकानासारखा परवाना लागत नाही. फिनान्सआम्ट म्हणजे कर कार्यालयाला कळवायचं आणि कर क्रमांक घ्यायचा. आधीच्या वर्षाची उलाढाल २५,००० युरोच्या आत असेल तर विक्रीकराच्या भानगडीतून छोट्या व्यावसायिकाला सूट असते. आरोग्य विमा सुरुवातीला नवऱ्याच्या कौटुंबिक विम्यात होऊ शकतो, पण त्याला मिळकतीची मर्यादा आहे आणि ती बदलत असते. ती ओलांडायच्या आधी विमा कंपनीला फोन कर. पुढे काम वाढलं की क्यून्स्टलरझोत्सियालकासंची चौकशी कर. कलाकारांसाठी आणि कला शिकवणाऱ्यांसाठी १९८३ पासून चालणारी ही व्यवस्था आहे. नोकरदाराच्या विम्या-पेन्शनचा अर्धा भाग जसा मालक भरतो, तसा तुझा अर्धा भाग ती उचलते. वर्षाला ३,९०० युरोच्या वर मिळकत हवी ही तिची अट, पण नवशिक्यांना पहिली तीन वर्षं या अटीतून सवलत आहे. मुलांना शिकवणार म्हणून गुन्ह्यांच्या नोंदीचा विस्तारित दाखला काढून ठेव. खासगी शिकवणीत तो कुणी मागेलच असं नाही, पण पालकांसमोर आपणहून ठेवला की बोलणं सोपं होतं.

घराचं मात्र सविस्तर सांगते, कारण इथे मी चुकले होते. आपल्या ओसरीत कुणाची परवानगी लागत नाही, उलट येणारे-जाणारे दोन मिनिटं टेकून ऐकून जातात. भाड्याच्या फ्लॅटमध्ये तसं नाही. मी घरमालकाला न विचारता शिकवणी सुरू केली. तिसऱ्या महिन्यात दाराच्या फटीतून एक चिठ्ठी आली, खालच्या मजल्यावरच्या आजोबांची. सुवाच्य अक्षरात वारांची यादी, आणि प्रत्येक वारापुढे ‘या वेळी मी झोपतो’. रागाचा एक शब्द नव्हता. मी चिवड्याचा डबा घेऊन खाली गेले, आम्ही दोघांनी मिळून वेळा ठरवल्या आणि पुढे पाच वर्षं निभावलं. पण हे नशिबानं झालं. २०१३ मध्येच तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं भाड्याच्या घरात गिटार शिकवणाऱ्या एकाच्या खटल्यात घरमालकाच्या बाजूनं कौल दिला. डझनभर विद्यार्थी घरी येत असतील तर तो व्यवसाय झाला आणि त्याला घरमालकाची संमती लागते, असं त्याचं सार. स्वतःच्या सरावाबाबत त्याच न्यायालयाची भूमिका बरीच मवाळ आहे. २०१८ मध्ये एका ट्रम्पेटवादकाच्या खटल्यात त्यानं सांगितलं की घरात वाजवण्यावर सरसकट बंदी घालता येणार नाही, कामाच्या दिवशी दोन-तीन तास आणि रविवारी-सुट्टीला एक-दोन तास हा ढोबळ अंदाज धरावा, विश्रांतीच्या वेळा मात्र पाळाव्यात. तेव्हा घर शोधतानाच विचार, होकार लेखी घे, आणि विद्यार्थी वाढले की चर्चचा हॉल किंवा वस्तीची सामाईक खोली तासावर भाड्यानं घे.

फी मागायला तुला लाज वाटते, हे ३०० रुपयांवरून आणि तुरीवरून कळतंच. तूर घेतेस ते मला फार आवडलं, तो गावाचा व्यवहार आहे आणि त्यात दोन्ही बाजूंचा मान राहतो. पण तिथे तो व्यवहार चालणार नाही. मी पहिल्या वर्षी तासाला दहा युरो घ्यायचे. त्यामुळे लोकांना मी हौशी वाटले. वाटेल तेव्हा यायचे, वाटेल तेव्हा दांडी मारायचे. तू जाशील त्या शहराच्या सार्वजनिक संगीत शाळेचं दरपत्रक इंटरनेटवर असतं. ते बघ, ३० आणि ४५ मिनिटांचे दर काय आहेत ते टिपून घे आणि त्याच्या आसपास राहा. त्या शाळा वर्षाची फी बारा सारख्या हप्त्यांत घेतात आणि शाळेच्या सुट्ट्यांत शिकवणी नसते. ही पद्धत उचल, म्हणजे ऑगस्टमध्ये हात रिकामा राहत नाही. एका पानावर लिहून दोघांनी सह्या करायच्या: दिवस, वेळ, फी, किती तास आधी कळवलं तर तास बदलून मिळेल, सोडायचं असेल तर किती महिने आधी सांगायचं. पहिला तास ओळखीचा म्हणून फुकट द्यायला हरकत नाही. दुसरा देऊ नकोस.

वाद्याबद्दल तुला एक गोष्ट उलटी वाटेल. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांत लाकूड आकसतं, खुंट्या सटकतात, आणि कूलर लावला की ओल्या हवेनं त्याच खुंट्या फुगून अडकतात. तिथे हा कोरडेपणा हिवाळ्यात येतो, कारण खोल्या तापवतात आणि हवेतला ओलावा जातो. तू नेमकी जानेवारीत पोहोचणार. पहिल्या आठवड्यात व्हायोलिन हीटरजवळच्या भिंतीला टांगू नकोस, पेटीत ठेव आणि पेटीत ओलावा राखणारी नळी घाल. विमानात हातासोबत ने, तिकीट काढतानाच कंपनीचा नियम विचारून. गजाचे केस सैल कर, तारा जराशा उतरव, पण पूर्ण सोडू नकोस, नाहीतर आतला उभा खांब पडतो आणि तो बसवायला कारागीर शोधावा लागतो. जुन्या गजाच्या टोकाला हस्तिदंत असेल तर तो गज इथेच राहू दे. मुलांच्या मापाची छोटी व्हायोलिनं घेऊन जायचं मनात असेल तर सोड, तिथली दुकानं ती महिन्याच्या भाड्यानं देतात.

आता तुझी ११ पोरं. तू विचारतेस, ऑनलाइन शिकवू का? समोरासमोर बसून एकत्र वाजवणं फोनवर जमत नाही, आवाज मागेपुढे होतो, आणि तुमच्याकडे भारनियमन आहेच. त्यापेक्षा असं कर. आठवड्याला तू तीन मिनिटांचं एक रेकॉर्डिंग पाठव, पोरं चार दिवस सराव करून आपलं पाठवतील, तू ऐकून प्रत्येकाला बोलून उत्तर दे. रविवारी अर्धा तास सगळ्यांनी तुझ्या ओसरीतच एकत्र बसून वाजवावं, तू फोनवर नुसतं ऐक. गावात संध्याकाळचे सहा म्हणजे तुझ्याकडे हिवाळ्यात दुपारचे दीड, उन्हाळ्यात अडीच. प्रवेशिकेची तयारी करणाऱ्या ज्या दोन मुली आहेत त्यांना आतापासून लहानांचा हात बसवायला लाव. पराटी कशी सोलायची हे त्यांना येतंच. आणि ओसरी उघडी राहील का, हे सासूबाईंना तूच विचार. ‘कोन आयकते’ म्हणणाऱ्या बाईंनी सहा वर्षं ओसरी रोज झाडून दिली, असं तूच पत्रात लिहिलंयस.

जाण्याआधी पालकांना विचारून सगळ्या पोरांचं एकेक मिनिटाचं रेकॉर्डिंग कर, पराटीपासून भूपापर्यंत. तिथे पहिल्या पालकानं ‘तुम्ही आधी कुणाला शिकवलंय?’ असं विचारलं की विशारदचं प्रमाणपत्र काढण्याआधी ते दाखव.

एक राहिलं. तू लिहिलंयस की एक मुलगा दोन महिने झाले तरी पराटीवरच आहे, कारण गज मोकळा होत नाही, आणि तरी तो एक दिवस चुकत नाही. तुझा जास्तीचा गज तिकडे नेऊ नकोस. त्याला दे, आणि दिल्यावर पहिल्या दिवशी त्यानं काय वाजवलं ते मला कळव.